फेफरे गोळ्यांना दाद देत नाही तेव्हा

सौदी अरेबियाची राजधानी रियाध. या शहराच्या आग्नेय अंगाला अल सुलै नावाचा भाग आहे. गोदामे, ट्रकची गॅरेजे, सुट्या भागांची दुकाने आणि त्यांच्या आसऱ्याने उभ्या राहिलेल्या कामगारांच्या खोल्या, असे त्याचे रूप. श्रीमंत रियाधच्या चित्रांत तो सहसा दिसत नाही. पण शहराचा माल जेथे उतरतो, चढतो आणि दुरुस्त होतो, तो हा भाग. तेथे हिंदुस्थानी, पाकिस्तानी, बांगलादेशी, नेपाळी आणि फिलिपिनो हात राबतात. आखातात गेलेल्या हिंदुस्थानी माणसांत रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी लोक पुष्कळ आहेत. आपले पूर्वज ज्या किनाऱ्यावरून शिडाच्या जहाजांत चढून या बेटावर आले, त्याच किनाऱ्यावरची ही माणसे पन्नासएक वर्षांपासून विमानाने आखाताची वाट धरीत आली आहेत. म्हणून वाचकहो, अल सुलै आपल्याला वाटते तितके परके नाही.

अशा ठिकाणी एखाद्या तरुणाला फेफरे येत असेल तर त्याचे काय होत असेल, याचा विचार करा. आखातात कामाला जाण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी द्यावी लागते. तीत नापास झाले की व्हिसा नाही. घरी कर्ज काढलेले, बहिणीचे लग्न ठरलेले. मग तो आजार लपवतो. खोलीत आठ जण, म्हणून गोळ्यांची पट्टी उशीखाली ठेवतो. रात्रपाळीत एक गोळी चुकते, दुसरे दिवशी झोप चुकते. रमजानात रोजा धरणारा असेल तर दुपारची गोळी चुकतेच. डॉक्टरला विचारून दोन वेळचे औषध सहरी आणि इफ्तारच्या वेळांत बसवता आले असते, पण विचारायचे म्हणजे आजार उघड करायचा. उन्हाळ्यात १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी १२ ते ३ या वेळात उघड्यावर काम करून घेण्यास तेथे कायद्याने बंदी आहे, इतके ऊन असते. घामाने अंगातले मीठ जाते, आणि कार्बामाझेपीनसारख्या औषधानेही रक्तातला सोडियम कमी होऊ शकतो. मग एके दिवशी झटका येतो. सोबती म्हणतात, "औषध घेतोस तरी येतेच की! या औषधात काही दम नाही."

येथेच आपल्या विषयाचा पहिला धडा आहे. औषध लागू पडत नाही आणि औषध पोटात जात नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बाहेरून त्या अगदी सारख्या दिसतात.

फेफरे, मिरगी, आकडी, फिट; शास्त्रात अपस्मार; आणि आपल्या क्रिओलीत मालकादी. एकाच आजाराला इतकी नावे आहेत, कारण तो सर्व देशांत आणि सर्व काळांत आहे. चरकाने अपस्माराचे वर्णन केले आहे. ग्रीसमध्ये लोक याला देवाचा आजार म्हणत तेव्हा हिपोक्रेटीसच्या परंपरेतील वैद्याने लिहून ठेवले की याचे मूळ मेंदूत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म लहरींनी बोलतात. त्या बोलण्याला एक शिस्त असते. ती शिस्त मोडून पुष्कळ पेशी एकदम उसळल्या की झटका येतो. सर्व मेंदू उसळला तर माणूस कोसळतो, हातपाय आखडतात, तोंडाला फेस येतो. पण मेंदूचा लहानसा कोपराच उसळला तर माणूस पडत नाही. तो नुसता टक लावून पाहतो, ओठ चावल्यासारखे करतो, सदऱ्याच्या गुंड्यांशी चाळा करतो आणि मिनिटा-दोन मिनिटांनी भानावर येतो. घरचे म्हणतात, याचे लक्ष नसते. शाळेतले म्हणतात, मुलगी ढ आहे. असली फेफरी वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाहीत, आणि गोळ्यांना दाद न देणारी फेफरी पुष्कळदा नेमकी याच जातीची असतात.

आता गोळ्यांकडे वळू. १८५७ साली ब्रोमाइड आले, १९१२ साली फेनोबार्बिटोन, १९३८ साली फेनिटॉइन. पुढे कार्बामाझेपीन आणि व्हॅल्प्रोएट आले, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तर डझनभर नवी औषधे आली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट उपचार मिळाले तर शंभरातले सत्तरपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. ही फार मोठी गोष्ट आहे. फेफरे म्हणजे जन्माचे दुखणे, ही समजूत बहुसंख्यांच्या बाबतीत खोटी आहे. कित्येकांची औषधे काही वर्षांनी डॉक्टरच्या सल्ल्याने बंदही होतात.

आपण बोलत आहोत ते उरलेल्या तीसांबद्दल.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रोडी या डॉक्टरांनी केलेली पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. ज्यांनी पूर्वी कधी औषध घेतले नव्हते अशा रुग्णांत पहिल्याच औषधाने शंभरातले ४७ बरे राहिले. ज्यांना पहिले लागू पडले नाही त्यांना दुसरे दिले, तेव्हा आणखी १३ सुटले. तिसरे औषध किंवा दोन औषधे मिळून दिल्यावर? अवघे ४. म्हणजे दुसऱ्या औषधानंतर दार जवळजवळ मिटते. ग्लासगोच्याच दवाखान्यातील सुमारे १,८०० रुग्णांची तीस वर्षांची हकीकत २०१८ साली छापून आली. मधल्या काळात एवढी नवी औषधे आली, तरी झटके पूर्ण थांबलेल्यांचे प्रमाण शंभरात ६४ च्या आसपासच राहिले. नव्या औषधांनी झोप येणे, तोल जाणे, हिरड्या सुजणे असे त्रास कमी केले, हे खरे. पण हट्टी फेफऱ्याचा हट्ट त्यांनी फारसा मोडला नाही.

यावरूनच जगातील अपस्मार तज्ज्ञांच्या संघाने २०१० साली एक व्याख्या ठरवली. योग्य निवडलेली, योग्य प्रमाणात घेतलेली आणि सोसलेली दोन औषधे, एकेकटी किंवा जोडीने देऊनही झटके थांबले नाहीत, तर त्या रुग्णाला औषधांना दाद न देणारा अपस्मार आहे असे समजावे. दोन. पाच नव्हेत आणि दहाही नव्हेत. पण आपल्याकडे काय होते? तिसरी गोळी, चौथी गोळी, मग दुसऱ्या डॉक्टरची पाचवी, मध्ये एखादा नवस, एखादा ताईत, पुन्हा सहावी. शस्त्रक्रियेने बरे झालेल्या प्रौढ रुग्णांच्या अनेक पाहण्यांत असे दिसले की आजार सुरू झाल्यापासून टेबलावर जाईपर्यंत सरासरीने वीस वर्षे गेलेली असतात. शाळा, नोकरीची उमेद आणि लग्नाचे वय, सर्व त्या वीस वर्षांत निघून जाते.

म्हणून दुसरे औषध हरले की पहिले काम तिसरी गोळी शोधण्याचे नाही. पहिले काम सगळे मुळापासून तपासण्याचे आहे, आणि ते अपस्माराच्या मोठ्या केंद्रात व्हायला हवे.

तेथे काय तपासतात? आधी हेच की हे फेफरे आहे का. पुष्कळ जणांना हे ऐकून राग येतो, पण मोठ्या केंद्रांकडे हट्टी फेफरे म्हणून पाठवलेल्यांत साधारण पाचातल्या एकाला मुळात अपस्मार नसतोच. कुणाला हृदयाची गती बिघडून भोवळ येत असते. कुणाच्या मनावरचा भार शरीरातून झटक्याच्या रूपाने बाहेर पडत असतो. तो ढोंग नसतो, त्यालाही उपचार आहे, पण तो उपचार फेफऱ्याच्या गोळीचा नाही. खरे काय ते ओळखण्यासाठी रुग्णाला काही दिवस दवाखान्यात ठेवून डोक्याला तारा लावतात आणि रात्रंदिवस कॅमेरा चालू ठेवतात. झटका आला की मेंदूची लहर आणि शरीराची हालचाल दोन्ही एकाच वेळी नोंदली जातात. याला व्हिडिओ ईईजी म्हणतात. सगळे घर ज्या झटक्याला भिते, त्याची तेथे डॉक्टर वाट पाहत बसतात!

मग औषध जातीला धरून आहे का ते पाहतात. किशोरवयात एका प्रकारचे फेफरे येते. सकाळी उठल्यावर हात झटकले जातात, हातातला चहाचा कप उडतो. यावर कार्बामाझेपीन दिले तर ते कमी होण्याऐवजी वाढू शकते, आणि योग्य औषधाने तेच फेफरे बहुधा आवरते. असा मुलगा वर्षानुवर्षे हट्टी रुग्ण म्हणून फिरतो. चूक औषधाच्या निवडीत असते. नंतर मात्रा पाहतात. क्षयाच्या उपचारातील रिफाम्पिसीन हे औषध फेफऱ्याच्या कित्येक औषधांचा रक्तातला जोर कमी करते. दारूचे तर सांगायलाच नको. आणि शेवटी अल सुलैच्या त्या तरुणाची गोष्ट: गोळी खरोखर पोटात जाते का? डॉक्टरने हा प्रश्न दरडावून विचारला तर उत्तर नेहमी "हो" येते. मायेने विचारला तर खरे बाहेर येते.

इतके सारे चाळून झाल्यावरही झटके उरले, तर तो खरा हट्टी अपस्मार. तेव्हा प्रश्न बदलतो. कोणते औषध, हा प्रश्न मागे पडतो आणि झटका मेंदूच्या कोणत्या जागेतून उठतो, हा प्रश्न पुढे येतो.

कानशिलाच्या आत, मेंदूच्या तळाशी, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. नव्या आठवणी साठवण्याचे काम तो करतो. लहानपणी तापात लांबलेली आकडी आलेल्या कित्येकांत हा भाग पुढे आक्रसून, निबर होऊन गेलेला आढळतो, आणि तेथूनच झटके उठतात. साध्या एमआरआयमध्ये तो पुष्कळदा निसटतो. अपस्मारासाठी म्हणून ठरावीक कोनातून, पातळ पातळ काप घेऊन केलेला एमआरआय हवा आणि तो वाचणारा डोळाही सरावाचा हवा. "एमआरआय नॉर्मल आहे" हा कागद घेऊन घरी बसलेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

झटके याच जागेतून उठतात आणि तो भाग काढल्याने बोलणे, हालचाल किंवा स्मरण यांची मोठी हानी होणार नाही, अशी खात्री झाली तर शस्त्रक्रिया करता येते. मेंदूवर शस्त्रक्रिया म्हटले की आपल्या घरांत दिवा मालवल्यासारखी शांतता पसरते. पण ही काही कालची गोष्ट नाही. लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्सली यांनी १८८६ साली अशी शस्त्रक्रिया केली. हिंदुस्थानात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चांडी यांनी १९५२ साली केली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. के. राधाकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली हे काम सुरू केले आणि तेथे हजाराहून अधिक रुग्णांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

तिचा उपयोग किती, याचा हिशेबही झालेला आहे. कॅनडात ८० रुग्ण घेऊन चिठ्ठी टाकून त्यांचे दोन गट केले. ४० जणांना शस्त्रक्रियेच्या वाटेने नेले, ४० जणांना औषधांवर ठेवले. वर्षाअखेर शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांतून पहिल्या गटातले शंभरी ५८ मुक्त होते. औषधांच्या गटातले ८. हे २००१ साली प्रसिद्ध झाले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने हीच कसोटी १८ वर्षांपर्यंतच्या ११६ मुलांवर घेतली. निकाल २०१७ साली छापून आला: शस्त्रक्रिया झालेल्यांत शंभरी ७७ मुले वर्षभरानंतर झटक्यांविना, नुसत्या औषधांवर ७. हे काम दिल्लीतले आहे, आपल्याच पूर्वजांच्या देशातले, हे मुद्दाम सांगतो, कारण चांगले ते सारे युरोपातच होते अशी आपल्यातल्या कित्येकांची अजूनही समजूत आहे.

धोके आहेतच. नावे आठवण्यात, शब्द सापडण्यात अडखळणे येऊ शकते. दृष्टीच्या वरच्या कोपऱ्यातला थोडा भाग जाऊ शकतो. रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेला चिकटलेलेच. दिल्लीच्या त्या मुलांतही काहींना हातापायांत अशक्तपणा आला. ज्यांच्या मेंदूचा मोठा भाग काढावा किंवा तोडावा लागतो त्यांच्यात तो अपेक्षितच असतो. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे. शस्त्रक्रिया न करणे म्हणजे धोका न पत्करणे, असे आपण धरून चालतो. ते बरोबर नाही. चुलीवर पडणे, विहिरीत किंवा समुद्रात बुडणे, रस्त्यावर कोसळणे हे तर डोळ्यांना दिसते. शिवाय अपस्मार असलेल्या दर हजार प्रौढांत वर्षाला साधारण एकाचा मृत्यू अचानक होतो. बहुधा रात्री, झोपेत, एखाद्या मोठ्या झटक्यानंतर. ज्यांचे मोठे झटके आवरलेले नाहीत त्यांना हा धोका कितीतरी अधिक. डॉक्टर हे सांगायला कचरतात आणि घरचे विचारायला. मला वाटते, सांगावे. भीती घालण्यासाठी नाही, तर रात्रीची गोळी चुकू नये आणि मोठ्या केंद्राकडे जाण्यात दहा वर्षे जाऊ नयेत म्हणून.

आता एका मराठी घराची गोष्ट, जी महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. पुण्याचे लेखक डॉ. अनिल अवचट २०२२ साली वारले. पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासह त्यांनी व्यसनमुक्तीचे मुक्तांगण उभे केले. नवरा-बायको दोघेही डॉक्टर. त्यांची कन्या यशोदा हिला लहानपणापासून अपस्मार होता. डॉक्टरांचे घर, पुण्यासारखे शहर, पुस्तके, सुजाण मित्रमंडळी, सारे असूनही झटके वर्षानुवर्षे चालत राहिले. पुढे शस्त्रक्रिया झाली आणि ती त्यांतून सुटली. सुटल्यावर पुष्कळ माणसे त्या दिवसांवर पडदा टाकतात. यशोदा वाकणकर यांनी उलट केले. पुण्यात संवेदना फाउंडेशन या नावाने अपस्मार असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा मदतगट सुरू केला. तेथे लोक एकत्र बसतात, आपापली गोष्ट नाव लावून सांगतात. या गटाने अपस्मार असलेल्या मुला-मुलींसाठी वधू-वर मेळावेही भरवले. ज्या आजाराचे नाव स्थळ पाहताना कुजबुजत घेतले जाई, तो आधीच सांगून जेथे स्थळ पाहिले जाते असा मेळावा!

त्याचे मोल कळण्यासाठी कायद्याचा इतिहास पाहावा लागेल. हिंदुस्थानच्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनंतर असे कलम होते की वारंवार वेडाचे किंवा अपस्माराचे झटके येणारी व्यक्ती लग्नाला पात्र नाही. वेड आणि अपस्मार एकाच ओळीत! डॉ. एडी भरुचा यांच्यासारख्या मुंबईच्या मेंदूतज्ज्ञांच्या पुढाकाराने १९७० साली इंडियन एपिलेप्सी असोसिएशन स्थापन झाली होती. तिने हा शब्द काढावा म्हणून लढा दिला, आणि १९९९ साली संसदेने तो काढला. कायद्यातून गेला, पण घरांतून अजून पुरता गेलेला नाही. आपल्या बेटावरही नाही. लग्नाआधी लपवायचे, मग सासरी गोळी घ्यायची चोरी, मग गोळी चुकते आणि झटका येतो. अल सुलैच्या खोलीतील उशी आणि सासरच्या घरातील उशी यांत फरक नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट अधिक. व्हॅल्प्रोएट हे औषध चांगले आहे, पण गर्भारपणात घेतल्यास बाळाच्या शरीराला आणि बुद्धीला अपाय करू शकते. मूल होण्याच्या वयाच्या मुलीला ते चालू असेल तर लग्नाआधीच डॉक्टरशी बोलावे. स्वतःहून एकाएकी बंद मात्र करू नये. त्याने झटक्यांमागून झटके सुरू होऊ शकतात आणि त्यात आई-बाळ दोघांनाही धोका.

ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होऊ शकत नाही त्यांचे काय? झटके दोन्ही बाजूंनी उठत असतील, किंवा उगमाची जागा बोलण्याच्या केंद्रातच असेल, तर चाकू तेथे पोचू शकत नाही. त्यांच्यासाठीही वाटा आहेत. लहान मुलांसाठी सर्वांत जुनी वाट आहाराची. उपाशी राहिले की फेफरे कमी होते हे लोकांना पूर्वीपासून माहीत होते. उपाशी शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागते. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. वाइल्डर यांनी सुचवले की उपाशी न ठेवताच, भरपूर चरबी आणि अगदी थोडे पिष्ट देऊन शरीराला तीच सवय लावता येईल. त्याला कीटोजेनिक आहार म्हणतात. मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी हा आहार हिंदुस्थानी ताटात बसवण्याचे काम केले. तूप, लोणी, नारळाचे तेल, पनीर, अंडी चालतात. भात, पोळी, बटाटा, साखर नाही. प्रत्येक घास तराजूवर तोलायचा. खोकल्याच्या गोड औषधातली साखरही मोजायची. आजीने प्रेमाने हातावर ठेवलेला लाडूसुद्धा आठवड्याचे काम बिघडवतो. ज्यांना हा आहार दिला जातो त्यांतल्या साधारण अर्ध्या मुलांचे झटके निम्म्याहून कमी होतात, काहींचे पूर्ण थांबतात. पण हे घरच्या घरी करण्याचे काम नव्हे. काही जन्मजात विकारांत हा आहार जिवावर बेतू शकतो. आधी तपासणी, मग आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली सुरुवात.

दुसरी वाट यंत्राची. छातीत कातडीखाली लहानसे यंत्र बसवून मानेतल्या व्हेगस नावाच्या नसेला ठरावीक वेळाने विजेचा हलका स्पर्श देतात. अमेरिकेत याला १९९७ साली मान्यता मिळाली. झटके क्वचितच पूर्ण थांबतात, पण काही काळानंतर निम्म्या रुग्णांत ते निम्म्यावर येतात. मेंदूच्या आत खोल तार सोडून करण्याचा उपचारही आता आहे. गांजाच्या झाडापासून काढलेले, नशा न देणारे कॅनाबिडिऑल हे औषध लहान मुलांच्या काही दुर्मिळ आणि भयंकर प्रकारांत २०१८ पासून अमेरिकेत मान्य आहे. त्यावरून कुणी गांजा ओढावा असा अर्थ काढू नये.

पुन्हा रियाधकडे येऊ. तेथील किंग फैसल स्पेशालिस्ट हॉस्पिटलात अपस्माराच्या शस्त्रक्रियेची पूर्ण सोय आहे आणि अरब जगातील मोठ्या केंद्रांत त्याची गणना होते. तेथील जागा मुख्यतः त्या देशाच्या नागरिकांसाठी असते. पण खाजगी नोकरीतल्या परदेशी कामगाराचा आरोग्य विमा काढणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. मेंदूतज्ज्ञाला दाखवणे आणि औषध बदलून घेणे इतके तर त्यावर होऊ शकते. ज्याला औषध लागू पडत नाही त्याने मात्र गावी जाण्याच्या सुट्टीतच मोठे केंद्र गाठावे. मुंबई, दिल्ली, तिरुवनंतपुरम येथे ती आहेत. मुंबईची एपिलेप्सी फाउंडेशन ही डॉ. निर्मल सूर्या यांची संस्था महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शिबिरे घेते, म्हणजे कोकणातल्या माणसालाही पहिली पायरी जवळच सापडू शकते. सौदीत जाताना फेनोबार्बिटोन, क्लोनाझेपामसारखी नियंत्रित औषधे पिशवीत असतील तर डॉक्टरची चिठ्ठी आणि तेथील औषध खात्याची आगाऊ परवानगी लागते. आपल्यापैकी कुणी कामाला किंवा हजला जाणार असेल तर त्यानेही हे ध्यानात ठेवावे.

झटका समोर आला तर? कांदा नको, चप्पल नको, हातात किल्ली नको, तोंडात चमचा तर मुळीच नको. दात तुटतात किंवा श्वास कोंडतो. डोक्याखाली मऊ काही ठेवावे, कुशीवर वळवावे, हातपाय दाबून धरू नयेत आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबले नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरा झटका आला, तर तडक इस्पितळ.

आपल्या मॉरिशसमध्ये सरकारी इस्पितळांत उपचार विनामूल्य आहेत, आणि एडिक्स एपिलेप्सी ग्रुप ही संस्था या आजारासाठी काम करते. येथे जे होऊ शकत नाही त्यासाठी परदेशी उपचाराकरिता सरकारी अर्थसाह्याची योजना आहे, आणि तिच्याखाली कित्येक रुग्ण हिंदुस्थानात जातात. मात्र त्याला सरकारी डॉक्टरांची शिफारस लागते, आणि शिफारस मागायची तर दुखणे कागदावर यावे लागते. म्हणून ज्या घरात दोन औषधांनंतरही झटके चालू आहेत, त्या घराने आजपासून एक वही करावी. तारीख, वेळ, किती मिनिटे, आधी झोप झाली होती का, गोळी चुकली होती का, बाईमाणूस असेल तर पाळीची तारीख. घरच्या कुणीतरी फोनवर झटक्याचे चित्रण घ्यावे. डॉक्टरांना दहा वाक्यांच्या वर्णनापेक्षा ते अधिक सांगते. आजवर घेतलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा आणि ते का सोडले हे लिहावे. आणि एमआरआयचा नुसता अहवाल जपून चालत नाही. त्याची चकती किंवा फिल्म हीच खरी वस्तू आहे. ती वहीच्या पाठीला लावून ठेवावी.